पूर्वपक्षाचा लोप : आर.एफ.सी. १९१८ या संहितेचा एक विचार

तांत्रिक दस्तऐवजांची समीक्षा करण्याचा परिपाठ आपल्या विद्यापीठीय नियतकालिकांत फारसा रूढ नाही. कायद्याचे कलम, व्याकरणाचे सूत्र किंवा धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथ यांच्या भाषेची छाननी करणे हे आपण विद्वानाचे काम समजतो. परंतु ज्या संहितांच्या आधारावर विभागाच्या कपाटात लुकलुकणाऱ्या राउटरपासून बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रापर्यंतचा व्यवहार आज चालतो, त्या म्हणजे अभियंत्यांनी चाळून बाजूस ठेवावयाची पत्रके होत, असा आपला ग्रह झालेला दिसतो. वस्तुतः त्या साध्या इंग्रजी गद्यात लिहिलेल्या आहेत. त्यांत व्याख्या आहेत, दृष्टांत आहेत, युक्तिवाद आहेत. आणि एखाद्या शब्दाच्या निवडीने पुढील कित्येक वर्षांच्या व्यवहारास वळण लागल्याचेही त्यांत दिसून येते. प्रस्तुत लेखात अशाच एका नऊ पानी संहितेचा विचार करावयाचा आहे. ती म्हणजे ‘खाजगी आंतरजालांसाठी पत्त्यांचे वाटप’ अशा अर्थाचे शीर्षक धारण करणारी, फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली आर.एफ.सी. १९१८.

‘आर.एफ.सी.’ म्हणजे ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, अर्थात अभिप्रायार्थ विनंती. या मालिकेतील पहिले टिपण ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिले. ते त्या वेळी विद्यार्थिदशेत होते, आणि नावातील विनय बहुधा त्या दशेस साजेसाच होता. पुढे नाव तेच राहिले, विनंतीची मात्र आज्ञा झाली. या मालिकेचा एक दंडक संहिताचिकित्सेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. एकदा प्रसिद्ध झालेले टिपण पुन्हा कधीही बदलले जात नाही. दुरुस्ती करावयाची तर नवा क्रमांक घेऊन नवे टिपण लिहावे लागते, आणि जुने टिपण रद्द झाल्याची नोंद नव्याच्या शिरोभागी करावी लागते. त्यामुळे पाठभेदांसाठी आपणांस पोथ्या धुंडाळाव्या लागत नाहीत. सर्व पाठ क्रमाने जागेवर असतात. १९१८ च्या शिरोभागी अशी दोन टिपणे रद्द ठरविली आहेत : १५९७ आणि १६२७. यांपैकी पहिले तिचे पूर्वरूप होय. दुसरे हे त्या पूर्वरूपाचे खंडन होय. आपल्या पूर्वरूपाबरोबर त्याच्या खंडनालाही निवृत्त करणारी संहिता विरळा. आमच्या कुतूहलास आरंभ झाला तो येथून.

वादाचा विषय थोडक्यात सांगितला पाहिजे. संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्रास एक अंकात्मक पत्ता असतो, त्यास आय.पी. पत्ता म्हणतात. सप्टेंबर १९८१ च्या आर.एफ.सी. ७९१ ने त्याची लांबी बत्तीस द्विमान अंक इतकी ठरविली. वाचनाच्या सोयीसाठी आपण त्याचे चार तुकडे करून प्रत्येक तुकडा ० ते २५५ या संख्यांनी लिहितो. असे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ होतात. जगातील कोणत्याही दोन यंत्रांचा पत्ता एक असू नये हा मूळ दंडक, आणि तो पाळला जावा म्हणून पत्ते वाटणाऱ्या व त्यांची वही ठेवणाऱ्या नोंदणीसंस्था. १९९० नंतर जाळे ज्या वेगाने वाढू लागले त्यावरून हे पत्ते संपणार हे उघड झाले. तेव्हा मार्च १९९४ मध्ये याकोव्ह रेख्टर, रॉबर्ट मॉस्कोविट्झ, डॅनियल कारेनबर्ग आणि खेर्ट यान डी ग्रोट या चौघांनी १५९७ हे टिपण लिहिले. काही अंक कायमचे वाटपाबाहेर काढावेत. ते कोणत्याही संस्थेने कोणासही न विचारता आपल्या आवारात वापरावेत. आवाराबाहेर मात्र कोणत्याही राउटरने ते वाहू नयेत, अशी त्यांची सूचना होती. असे तीन गठ्ठे राखून ठेवण्यात आले. १० ने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे १०,४८,५७६, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६. यांची बेरीज सर्व पत्त्यांच्या अर्ध्या टक्क्यासही पोहोचत नाही. यांतील १० हा अंक एके काळी आर्पानेटचा होता. ते जाळे १९९० मध्ये बंद झाल्यामुळे अंक रिकामा पडला होता. पडक्या वाड्याच्या जागेत बाजार भरावा तसे हे झाले.

चारच महिन्यांनी, जुलै १९९४ मध्ये, उत्तर आले. १६२७ चे शीर्षक ‘नेटवर्क टेन कन्सिडर्ड हार्मफुल’ असे आहे, आणि काही प्रघातांना संहितेचे रूप देऊ नये अशा अर्थाचे उपशीर्षक त्यास जोडले आहे. संगणकशास्त्राच्या अभ्यासकास या शीर्षकातील ध्वनी तत्काळ जाणवतो. १९६८ मध्ये एड्सगर डायक्स्ट्रा यांचे ‘गो टू’ या आज्ञेविरुद्धचे पत्र अशाच शीर्षकाखाली छापले गेले होते, आणि तेव्हापासून ही शब्दयोजना म्हणजे जणू युद्धाची ललकारीच होऊन बसली आहे. लेखक चौघे : एलियट लिअर, एरिक फेअर, डेव्हिड क्रॉकर व टॉम केसलर. क्रॉकर हे मालिकेचे पहिले टिपण लिहिणाऱ्या स्टीव्ह क्रॉकर यांचे धाकटे बंधू होत, हे जाता जाता सांगण्यास हरकत नाही. दोन्ही पक्षांचे व्यवसायही पाहण्यासारखे आहेत. १५९७ च्या लेखकांत एक आय.बी.एम.च्या संशोधनशाळेतील, एक क्रायस्लर या मोटार-कारखान्यातील आणि दोघे युरोपातील राइप या नोंदणीसंस्थेतील. म्हणजे ज्यांना मोठे आवार सांभाळावयाचे आहे ते, आणि ज्यांना संपत आलेल्या कोठारावर पहारा द्यावयाचा आहे ते. १६२७ चे लेखक सिलिकॉन ग्राफिक्स, ॲपल आणि सन या यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांतील. आपले यंत्र कोणत्याही यंत्राशी बोलू शकावे यातच त्यांचे हित होते. तथापि यावरून त्यांचा युक्तिवाद हितसंबंधी ठरवून झटकून टाकणे योग्य होणार नाही.

त्यांचे म्हणणे तीन प्रकारचे आहे. पत्ता एकमेव असावा हे जाळ्याच्या रचनेचे मूलतत्त्व आहे आणि १५९७ ते मोडते, हे पहिले. हे टिपण नेहमीच्या सार्वजनिक छाननीवाचूनच प्रसिद्ध झाले, हे दुसरे. तिसरे आमच्या मते सर्वांत मर्मग्राही आहे : कोणत्या यंत्रास उद्या बाहेरच्या जगाशी बोलावे लागेल हे आज व्यवस्थापकास ओळखता येते, ही समजूतच चुकीची आहे. १५९७ मधील दृष्टांत एकेक घेऊन ते उलटवितात. मोठ्या विमानतळावर विमानांच्या आगमन-निर्गमनाचे फलक असतात. त्यांना बाहेरून कोणी हाक मारण्याचे कारण नाही, म्हणून त्यांना खाजगी अंक द्यावेत, असे पूर्वरूप म्हणते. ती माहिती तर सार्वजनिकच आहे, ती विमानतळाबाहेर पाठवणे उपयोगाचे ठरू शकेल, असे खंडन म्हणते. आज विमानाची वेळ पाहण्यासाठी कोणीही फलकाखाली जाऊन उभा राहत नाही, खिशातील फोन काढतो. अर्थात फोनवर दिसणारी माहिती त्या फलकाकडून येत नाही, ती अन्य मार्गाने येते. म्हणून दृष्टांत पूर्णपणे उलटला असे म्हणता येणार नाही. पण माहिती आवारात राहणार हे गृहीत मात्र कोसळले, हे मान्य करावे लागते.

आता १९१८ कडे वळू. तिच्या लेखकांत पूर्वीचे चौघे आहेतच, आणि पाचवे नाव एलियट लिअर यांचे आहे. खंडन करणाऱ्यांतील पहिल्या नावाचा गृहस्थ खंडित ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचा सहलेखक झाला, ही घटना सभ्यतेची आहे यात शंका नाही. पण समीक्षकाने विचारावयाचे ते असे की, त्याचा युक्तिवाद त्याच्याबरोबर आत आला काय? आपल्या शास्त्रग्रंथांची पद्धत अशी की, पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावयाचा, कित्येकदा तो मूळ प्रतिपक्ष्यापेक्षाही चांगला मांडावयाचा, आणि मग सिद्धांत सांगावयाचा. १९१८ मध्ये पूर्वपक्ष मांडलेला नाही. त्याऐवजी गुण-दोषांचा एक विभाग आहे, आणि दोषांच्या रकान्यात १६२७ चे म्हणणे विरघळून गेले आहे. खाजगी अंक घेतल्यास पुढे बाहेर जोडून घेताना यंत्रांना नवे अंक द्यावे लागतील. अनेक खाजगी जाळी एकत्र करावयाची झाल्यास तोच खटाटोप करावा लागेल. यंत्र खाजगी वर्गातून सार्वजनिक वर्गात नेल्यास त्याच्या नावाच्या नोंदी आणि त्याचा अंक लिहून ठेवलेल्या इतर यंत्रांतील फायली बदलाव्या लागतील, हे सर्व १९१८ प्रामाणिकपणे सांगते. पण १६२७ ने जे तत्त्व म्हणून सांगितले होते ते येथे खर्चाची बाब झाले आहे. एकमेवतेचा भंग हा प्रमाद न राहता पुढे केव्हा तरी फेडावयाचे एक देणे ठरतो, आणि देणे म्हटले की व्यवहारी माणूस ते पुढे ढकलतो. छाननीविषयीच्या आक्षेपाचे समाधान मात्र खरेच झाले. १९१८ ही रीतसर संमतीने ‘सर्वोत्तम प्रचलित प्रघात’ या वर्गात पाचव्या क्रमांकावर दाखल झाली. प्रघातांना संहितेचे रूप देऊ नये असे म्हणणाऱ्या उपशीर्षकाचा इतका सरळ पराभव क्वचितच झाला असेल.

ही तडजोड भाषेत कोठे घडते ते पाहणे उद्बोधक आहे. १६२७ चा आवडता शब्द ‘एकमेव’ हा आहे. १९१८ मध्येही तो शब्द येतो. पण यंत्रांचे तीन वर्ग पाडताना, म्हणजे जेथे संहितेचा खरा पाया घातला जातो तेथे, ती ‘असंदिग्ध’ हा शब्द योजते. ज्यांना बाहेरच्या जगाशी बोलावयाचेच नाही, आणि ज्यांना मध्यस्थामार्फत थोडेसेच बोलावयाचे आहे, अशा दोन वर्गांचे पत्ते आपल्या संस्थेत असंदिग्ध असले म्हणजे झाले, संस्था-संस्थांमध्ये ते संदिग्ध राहिले तरी चालतील. सर्वत्र असंदिग्ध पत्ता हवा तो फक्त तिसऱ्या वर्गास. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. पण एकमेवता हा पत्त्याचा स्वतःचा गुण आहे, तर संदिग्धता ही वाचणाऱ्याच्या संदर्भाने निर्माण होते. आपल्याकडे शब्दार्थविचारात ‘सैंधव’ हे उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘सैंधव आण’ असे जेवताना म्हटले तर मीठ आणावयाचे, प्रवासास निघताना म्हटले तर घोडा. शब्द तोच, अर्थ प्रकरणाने ठरतो. १९१८ ने १०.०.०.१ या पत्त्याचे सैंधव केले. एका कारखान्यात तो राउटर असेल, दुसऱ्या कारखान्यात तिकिटे छापण्याचे यंत्र. जोपर्यंत जेवण आणि प्रवास एकाच वेळी सुरू होत नाहीत, तोपर्यंत अडचण येत नाही.

‘खाजगी’ या शब्दाविषयीही आमची तक्रार आहे. खाजगी म्हणजे एकाच्या मालकीचे, दुसऱ्यास मज्जाव असलेले. हे अंक तर कोणाच्याच मालकीचे नाहीत आणि सर्वांना मोकळे आहेत. नोंदणीकृत सार्वजनिक पत्ताच खऱ्या अर्थाने खाजगी मालमत्तेसारखा वागतो. त्याची नोंद वहीत असते (भारतात २०१२ पासून ही वही इंडियन रजिस्ट्री फॉर इंटरनेट नेम्स अँड नंबर्स ही संस्था ठेवते), त्याचे हस्तांतर होते, आणि त्यास किंमतही येते. २०११ मध्ये दिवाळखोर नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले, हा व्यवहार सर्वश्रुत आहे. सात-बाऱ्यावर चढलेली जमीन ती हीच. १० आणि १९२.१६८ यांना गायरान म्हणणे अधिक यथार्थ झाले असते. गायरानावर गुरे चारण्यास कोणाची परवानगी लागत नाही, पण तेथल्या गवतावर आपले नाव घालता येत नाही. ‘खाजगी’ या विशेषणाने आणखी एक भ्रम पोसला. असा पत्ता असला की यंत्र सुरक्षित, असे कित्येकांस वाटते. वास्तविक सुरक्षिततेच्या प्रश्नांचा विचार येथे केलेला नाही, असे संहितेने त्या मथळ्याखाली एका वाक्यात सांगून टाकले आहे.

गायरानाचा धोका हा की, सर्वांची गुरे झाडाच्या एकाच सावलीत गोळा होतात. १९१८ च्या लेखकांना हे दिसले होते. पुढेमागे दोन संस्थांना आपली जाळी जोडावयाची झाल्यास पत्ते एकमेकांवर आदळतील. तो धोका कमी करण्यासाठी आपल्या पोटगठ्ठ्यांची निवड यदृच्छेने करावी, अशी त्यांची आग्रहाची शिफारस आहे, आणि ‘यदृच्छेने’ या शब्दाच्या दोन्ही अंगांस तारका घालून त्यांनी तो उठावदार केला आहे. आमच्या मते संपूर्ण संहितेतील सर्वांत मौलिक विचार हाच. नोंदवहीच्या जागी येथे दैव बसविले आहे. सर्वांनी विचारून अंक घ्यावा म्हणजे टक्कर होणार नाही, हा जुना मार्ग. सर्वांनी डोळे मिटून अंक उचलावा म्हणजे टक्कर क्वचित होईल, हा नवा. परंतु जो विचार सिद्धांताच्या जागी यावयास हवा होता, तो व्यवहारविषयक सूचनांच्या विभागात, एका परिच्छेदात, शिफारस म्हणून आला. त्याचे काय व्हावयाचे ते झाले. माणूस यदृच्छेने निवड करीत नाही. तो १९२.१६८.१ घेतो किंवा १०.०.० घेतो, कारण यंत्र बनविणाऱ्याने तेच भरून पाठविलेले असते.

या दुर्लक्षाची किंमत प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिली आहे. एका शिक्षणसंस्थेची दोन महाविद्यालये निरनिराळ्या गावांत होती. दोन्हींची जाळी निरनिराळ्या कंत्राटदारांनी उभारली, आणि दोघांनीही १९२.१६८.१ हाच गठ्ठा वापरला. दोन्ही जाळी जोडण्याची वेळ आली तेव्हा एका गावच्या ग्रंथालयाची सूची ज्या यंत्रावर होती, त्याचाच अंक दुसऱ्या गावी फी घेण्याच्या खिडकीतील यंत्रास होता. दुसऱ्या गावातील विद्यार्थी सूची मागे, तेव्हा त्याचा संगणक अंक पाहून हे यंत्र आपल्याच आवारातील आहे असे समजे आणि मागणी राउटरकडे पाठवीतच नसे. ग्रंथालयाची चौकशी फीच्या खिडकीकडे जाई. शेवटी दिवाळीच्या सुटीत एका महाविद्यालयातील झाडून सर्व यंत्रांचे अंक बदलावे लागले. संगणकांचे अंक मध्यवर्ती यंत्राकडून आपोआप मिळत असल्याने ते काम एका सकाळीच झाले. छपाईयंत्रे, हजेरीची यंत्रे आणि पहाऱ्याचे कॅमेरे यांचे अंक मात्र हाताने घातलेले होते आणि कोणत्याही वहीत लिहून ठेवलेले नव्हते. कोणासही न विचारता अंक घेता येतात, या सवलतीचा अर्थ अंक लिहूनही ठेवावयाचे नाहीत असा त्या कंत्राटदारांनी लावला होता. संहितेत तसे कोठेही म्हटलेले नाही. उलट आपल्या आवारातील पत्त्यांची योजना स्वतः ठरविणारी ती संस्था, अशीच तिने संस्थेची व्याख्या केली आहे.

कंपन्यांना एकमेकींत विलीन होण्याची खोड असते, असेही १९१८ चे लेखक दोषांच्या विभागात कोरडेपणाने नमूद करतात. त्यांच्यापैकी मॉस्कोविट्झ ज्या क्रायस्लरमध्ये होते ती १९९८ मध्ये डायम्लर-बेंझशी एक झाली, आणि १६२७ च्या एका लेखकाची सन ही कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. भविष्य वर्तविता येत नाही, हे प्रतिपादन करणारे आणि ते नाकारणारे दोघेही सारखेच त्याच्या कचाट्यात सापडले.

१९१८ ने मध्यस्थ द्वारांची कल्पना केली तेव्हा लेखकांच्या डोळ्यांसमोर पत्रे, फायली असा एकेक व्यवहार समजून घेऊन पुढे नेणारी यंत्रे होती. प्रत्यक्षात जे सर्वत्र पसरले ते पत्ता बदलून देणारे निर्बुद्ध द्वार. त्याचे वर्णन मे १९९४ च्या आर.एफ.सी. १६३१ मध्ये, म्हणजे १५९७ आणि १६२७ यांच्या मधल्या अवकाशात, तात्पुरता उपाय म्हणून झाले होते. या द्वारामुळे तीन वर्गांतील भेदच पुसला गेला. खाजगी पत्त्याच्या यंत्रासही आता हवे तेथे जाता येते, फक्त त्याच्याकडे कोणास येता येत नाही. आज घरी बसून वाचणारा, पाहणारा, मागविणारा माणूस जाळ्यात आहे. पण आपल्या टेबलावरील यंत्रावर ग्रंथ ठेवून जगाला तो वाचावयास बोलावणारा माणूस जाळ्यात नाही. त्यासाठी त्याला कोणाची तरी जागा भाड्याने घ्यावी लागते. एकमेवतेचे तत्त्व खर्चाच्या रकान्यात ढकलले गेले तेव्हा हे नुकसान त्या रकान्यात लिहिलेले नव्हते. याचा सर्व दोष १९१८ च्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती कोठारातील शेवटचे गठ्ठे वाटले गेले, आणि १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-प्रशांत विभागाच्या नोंदणीसंस्थेस आपले राखीव उघडावे लागले. खाजगी अंक नसते तर तो दिवस कितीतरी आधी उजाडला असता, आणि झळ लागली असती ती आपल्यासारख्या उशिरा आलेल्यांना. आवश्यकतेविषयी आमचा वाद नाही. आवश्यकता मान्य करतानाच तत्त्वभंग हा तत्त्वभंग म्हणून लिहून ठेवता आला असता, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पुढे गायरानही अपुरे पडले. सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना ग्राहक आणि आपण यांच्यामध्ये आणखी एक पत्ता बदलणारे द्वार घालावे लागले, आणि तेथे १० वा १९२.१६८ वापरावे तर ग्राहकाच्या घरातील त्याच अंकांशी गाठ. म्हणून एप्रिल २०१२ च्या आर.एफ.सी. ६५९८ ने १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे ४१,९४,३०४ पत्ते वेगळे काढले.

यदृच्छेच्या विचाराला मात्र योग्य जागा मिळाली ती ऑक्टोबर २००५ च्या आर.एफ.सी. ४१९३ मध्ये. पत्त्याची लांबी १२८ द्विमान अंक असलेल्या नव्या पद्धतीसाठी ती लिहिली गेली. १९१८ मध्ये जी शिफारस होती तिचा येथे विधी झाला आहे. आवारासाठीच्या पत्त्यात चाळीस द्विमान अंकांचा एक भाग यदृच्छेने काढलाच पाहिजे, ओळीने किंवा सोयीने घ्यावयाचा नाही. तो कसा काढावा याची एक नमुना रीतही दिली आहे. त्या क्षणाची वेळ घ्यावी, ज्या यंत्रावर अंक काढावयाचा त्याचा निर्मितीच्या वेळचा ओळखक्रमांक घ्यावा, दोन्ही एकत्र घुसळून शेवटचे चाळीस अंक उचलावेत. जन्मवेळ आणि कुळ घेऊन मांडलेल्या पत्रिकेसारखीच ही रीत म्हणावयाची. यातील ओळखक्रमांक एकमेव असतो, कारण यंत्र बनविणाऱ्या प्रत्येक कारखान्यास आय.ई.ई.ई. ही संस्था क्रमांकांचा वेगळा गठ्ठा वाटून देते आणि त्याची वही ठेवते.